फोन अडायला नको

माझा धाकटा भाऊ ज्या प्रवासी जहाजावर इंजिनियर होता, ते जहाज अतिरेक्यांनी भूमध्य समुद्रात पळवलं, तेव्हा मी अमेरिकेत स्टेट कॉलेज नावाच्या गावातल्या आमच्या दोन खोल्यांत अडकून पडले होते. ओलीस तो होता, पण हलता मलाही येत नव्हतं. गावी आईकडे फोन नव्हता. सुटला तर तो माझ्याकडेच फोन करणार. मी आंघोळसुद्धा दार उघडं ठेवून करत होते. नवरा कॅम्पसच्या बसने क्लासला जायचा आणि मला त्या बसचाही हेवा वाटायचा.

पण फोन मोकळा राहील तर ना! ही बातमी मी फक्त पिट्सबर्गच्या काकूंना सांगितली होती, म्हणजे दवंडीच पिटली म्हणायची. काकू एका डॉक्टरांच्या पत्नी. आमच्या घरातला सोफा, कुकर, रजया, एवढंच काय, तो पिवळा फोनही त्यांनीच दिलेला. त्यांच्या ओळखीची समस्त मराठी मंडळी धीर द्यायला फोन करू लागली. कुणी म्हणे देव पाण्यात ठेव, कुणी म्हणे कॉन्सुलेटला गाठ. आणि शेवटी प्रत्येकाचं तेच, ‘काही कळलं का?’ अहो, कळणार कसं? तुम्हीच तर फोनवर!

"यार, मोठी माणसं आहेत, रूड नको बोलूस," नवरा म्हणायचा.

मग एका सकाळी टीव्हीवर सांगितलं, जहाजावर एकाला ठार मारलंय, कोण ते कळलेलं नाही. तेवढ्यात फोन खणाणला. मी झडप घातली. काकू.

"अगं, न्यूज पाहिलीस का? घाबरू नकोस हं, आमच्या ह्यांचा एक पेशंट—"

"काकू, फोन ठेवा!" मी किंचाळले. "माझा भाऊ जिवंत आहे की नाही, तेही कळू देणार नाही का तुम्ही मला?"

आणि आपटला. त्यांनीच दिलेला फोन, त्यांच्याच कानात.

त्यानंतर कुणाचाच फोन आला नाही. ते जास्त वाईट होतं. बिघडला की काय म्हणून मी उचलून टोन ऐकायची आणि तेवढ्यात त्याने लावला तर, म्हणून घाईने ठेवायची.

दुपारी दाराची बेल वाजली. दारात काकू! पिट्सबर्गहून डोंगरातून तीन तास एकट्या ड्राइव्ह करत आलेल्या, हातात खिचडीचं पातेलं.

"फोन अडायला नको म्हणून गाडी काढली," एवढंच म्हणाल्या आणि सोफ्यावर बसल्या.

काकूंचं तोंड मिटलेलं तोवर कुणी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी त्या पुढे एक अक्षर बोलल्या नाहीत. टीव्हीवर जहाज सुटल्याचं सांगितलं, तरी नाही. मारलेल्या माणसाचं नाव अजून कुठे कळलं होतं?

अंधार पडता पडता फोन वाजला.

"ताई, मी आहे. बरा आहे. बंदरावरून बोलतोय."

मला हुंदका फुटला, शब्द फुटेना. काकूंनी रिसीव्हर घेतला. आता ह्या अर्धा तास सोडत नाहीत, असं मला वाटलं.

"बाळ, ताईने ऐकलं हं. तुझ्यामागे लाइनीत कुणी आहे का रे?"

तो काहीतरी म्हणाला.

"मग ठेव आता. त्यांच्याही घरी कुणीतरी फोनपाशी बसलं असेल."

आणि त्यांनी फोन हलकेच खाली ठेवला.