बंदराच्या बाईंचा सत्कार

बालाघाटला समुद्र नाही. वैनगंगा आहे, आणि उन्हाळ्यात तिच्यात जहाज सोडलं तर लोकांना ते धक्का मारत न्यावं लागेल. तरी त्या माझ्या माहेरच्या गावात माझा सत्कार ठरला. कशासाठी, तर म्हणे मी परदेशात बंदर चालवते!

चालवत बिलवत काही नाही. मी तिथं वकिली करते आणि शहराच्या मोठ्या बंदरावर देखरेख ठेवणाऱ्या नागरिकांच्या मंडळात बिनपगारी बसते. जहाजं लागायचा कुठला धक्का कोणाला भाड्यानं द्यायचा, ट्रकांचा धूर वस्तीत जाऊ नये म्हणून काय करायचं, असली कामं. तिथला एक नियम मला फार आवडतो. बंदरात ज्याचं काम अडलंय असा माणूस तुम्हाला काही मागायला भेटला, की ते पुढच्या उघड्या बैठकीत सगळ्यांसमोर सांगायचं. त्यानं चहा पाजला असेल तर चहासुद्धा सांगायचा.

सत्कार ठेवला होता किरनापूर रोडवरच्या एका राईस मिलवाल्या शेठनं. आमच्या वॉर्डाकडं या माणसानं जन्मात मान वळवून पाहिलं नव्हतं. माझा मोठा भाऊ त्याच्याच मिलमध्ये मुनीम, आणि शेठला त्याच्यासाठी ‘ए मुनीम’शिवाय दुसरी हाक माहीत नाही. त्या दिवशी मात्र “आओ भैया, बैठो,” आणि दादा थेट पहिल्या रांगेत! माझ्या अंगावर शाल घालून झाली, हातात नारळ आला, मग शेठनं माइक धरला. त्याच्या तांदळाचा कंटेनर आमच्याच बंदरात अडकला होता.

“अब दीदी एक फोन लगाएंगी, और अपना माल बाहर!”

अरे बाप्पा, काय त्या टाळ्या! जशी काही मी नाक्यावरची हवालदार, हात हलवला की ट्रक सुटला. दादा तेवढा मान खाली घालून बसला होता. म्हणजे यानंच शब्द दिला होता.

मी माइक ओढून घेतला. माल कस्टमवाल्यांनी धरलाय, आमच्या मंडळाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, आणि असता तरी मी फोन केला नसता, असं स्वच्छ सांगितलं. वर, ही शाल, हा नारळ आणि शेठजींची मागणी मी तिथं भर बैठकीत सांगणार, हेही सांगून टाकलं. शेठ नुसता हसत राहिला. तसली माणसं हसतच राहतात.

ऑटोत दादा बोलला. “काहून बोलली वं सगळ्यांसमोर? कानात सांगतली असती तं चाललं नसतं?”

“नसतं चाललं. तू काहून शब्द दिला?”

“तुले काय, तू परवा विमानात बसशीन. मले सकाळी मिलमध्येच जायाचं हाय.”

सकाळी तो डबा घेऊन गेला आणि माझा चहा संपायच्या आत परत आला. शेठनं त्याला फाटकातूनच हाकललं होतं, तेही चौकीदाराच्या तोंडून. समोर यायचीसुद्धा हिंमत नाही, थू! मी तोंडाचा पट्टा सोडला. कोर्टात खेचते त्याला, नाक घासायला लावते, काय नि काय.

आईनं मला बोलू दिलं. मग दादाचा डबा उघडला आणि त्यातला वरण-भात माझ्यापुढं ठेवला.

“घे, खा. तुयाच सत्काराचं जेवन हाय.”

दादा समोरच बसला होता. मी खाल्लं.