प्रेसवरचे पेढे

सुट्टी मिळाली की लोक माहूरला जातात, मी बंद पडलेल्या कारखान्यांत जातो. लातूरच्या तेलगिरण्या, डाळमिली, ओस गोदामं, सगळं पालथं घालून झालंय. बायको म्हणते, "जित्या माणसांकडं बघायला मात्र तुम्हाला येळ न्हाई." तिचं अगदीच चूक नाही. पण ज्या जिनिंगच्या पगारावर आमचं घर चाललं, नेमकी तीच माझी बघायची राहिली होती. त्याला कारण माझे वडील.

आबा लोह्याकडच्या एका जिनिंगमध्ये प्रेसवर होते. सरकी काढलेला कापूस प्रेसच्या पेटीत भरायचा, दाबायचा आणि गठाण बांधून बाहेर काढायची, हे त्यांचं काम. एका सकाळी कामावर गेले तर फाटकाला कुलूप. कुणी आधी सांगितलं नव्हतं, नंतरही सांगितलं नाही. दिवसभर फाटकाबाहेर उभं राहून आबा घरी आले आणि आईला म्हणाले, "आजपासून त्या जिनिंगचा कण तोंडात घालायचा न्हाई." आबांचा हट्ट म्हणजे विषय संपला. दर खंडेनवमीला जुने कामगार कुलूप उघडून घेतात, मशिनींची पूजा करतात आणि कुणीतरी आठवणीनं आमच्याकडे प्रसाद पोचवतं. तो प्रसाद आबा शेजारच्या शेळीला घालतात.

गेल्या खंडेनवमीला मीही हट्टाला पेटलो. "पूजेला बसू नका, नुसतं बघायला चला," असं चार दिवस डोकं खाल्लं, तेव्हा कुठं ते मोटारसायकलवर बसले. आम्ही पोचलो तेव्हा आत प्रेससमोर आरती चालली होती आणि दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आबा बूट काढायला वाकले, मी अडवलं. शुगरमुळे त्यांच्या अंगठ्याची जखम भरत नाही, आणि आत सगळीकडे काचा नि गंजके खिळे. मीही माझे काढले नाहीत.

"पूजेच्या ठिकानी पायतान?" आबा कुरकुरले.

"तुम्ही पूजेला कुठं आलात?" मी म्हणालो. त्यांनी बुटाची नाडी परत बांधली.

कडेकडेनं आम्ही मागच्या कापसाच्या गोदामात शिरलो. आणि जे आबा घरी दिवसाकाठी चार शब्द बोलत नाहीत, ते तिथं बोलायला लागले. कापसाचा ढीग कुठवर यायचा, जेवणाच्या सुट्टीत त्यावर कोण घोरायचं, सगळं हात करकरून दाखवत होते. मी खूश होतो. आरती कधी थांबली, माणसं कधी गेली, दोघांनाही कळलं नाही. परत प्रेसपाशी आलो तर भर दुपारी अर्धवट अंधार, आणि पत्र्याचं मोठं दार बाहेरून बंद.

मी दार बडवलं, हाका मारल्या. खिडक्या उंचावर, त्यांना लोखंडी जाळ्या. ज्यानं मला पूजेची वेळ कळवली होती, त्या जुन्या कामगाराला फोन लावला.

"अरे देवा!" तो म्हणाला. "राखणदार चाचा चपला बघून कुलूप लावतेत. दारात चप्पल न्हाई म्हंजी आत मानूस न्हाई. ते जेवायला घरी गेले, फोन बी ठेवत न्हाईत. मी त्यांना घेऊन येतो, थांबा."

थांबण्यावाचून दुसरं करण्यासारखं काय होतं? वर पत्रा तापलेला, हवेत धूळ. आबांना मात्र गंमत वाटत होती. "तवा भाईर अडकलो व्हतो, आता आत," म्हणाले आणि प्रेसला टेकून खाली बसले. मग त्यांचं हसू हळूहळू विझलं. कपाळावर घाम आला, बोटं थरथरायला लागली.

"आबा, सकाळी काही खाल्लं होतं?"

"नवरात्राचा उपास हाय."

"आणि शुगरची गोळी?"

"घेतली की. डाक्टरनं चुकवू नको म्हनलंय."

रिकाम्या पोटी गोळी, म्हणजे साखर एकदम उतरली होती; काहीतरी गोड लगेच पोटात जायला हवं होतं. बिस्किटं मोटारसायकलच्या पिशवीत, दाराच्या पलीकडे. प्रेसवर हळदीकुंकवात, झेंडूच्या फुलांमध्ये द्रोण होता आणि द्रोणात दोन पेढे.

"हे खा."

"न्हाई."

मी समजावलं, हात जोडले, ओरडलो. मला भयंकर राग आला होता आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. पेढा तोंडाशी नेला तर त्यांनी दात घट्ट आवळले. मग जड जिभेनं विचारलं, "शिफ्ट सुटली का रं?" मी त्यांच्याशेजारी बसलो आणि चक्क रडायला लागलो.

आबांनी उठायला म्हणून प्रेसला हात लावला. तळवा कुंकवानं लाल झाला. तो त्यांनी बराच वेळ बघितला, मग मान वर करून प्रेसकडे बघितलं.

"पेटीत काय हाय का?"

"काही नाही आबा. रिकामी आहे."

त्यांनी हात पुढं केला. मी दोन्ही पेढे त्यावर ठेवले. एक त्यांनी तोंडात घातला आणि डोळे मिटून सावकाश चघळत राहिले. दुसरा मुठीत तसाच. बऱ्याच वेळानं घाम ओसरला, नजर थाऱ्यावर आली. बाहेर कुलूप खडखडलं, चाचांचा घाबरलेला आवाज आला.

"तोही खाऊन टाका," मी म्हणालो.

आबा माझ्या खांद्याला धरून उठले आणि मुठीतला पेढा त्यांनी प्रेसच्या रिकाम्या पेटीत ठेवला.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "तिनं बी लई वर्सं झाली, काय खाल्लं न्हाई."