बाबांचा डावा हात आणि गिअरबॉक्सचं तेल

बाबांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्यांच्या निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं. भोपाळच्या कारखान्यात ते मशीन शॉपचे फोरमन होते आणि आम्ही टाउनशिपच्या क्वार्टरमध्ये राहायचो. मी तोवर नोकरीसाठी पुण्याला गेले होते. झटका सौम्य होता असं डॉक्टर म्हणाले. बोलणं दोन आठवड्यांत सावरलं, चालणंही जमायला लागलं. डावा हात तेवढा मागे राहिला. शर्टाचं बटण लावताना बोटं बटणाजवळ जायची आणि तिथेच घुटमळायची.

मिसरोदला आमचा एक छोटा प्लॉट होता. तिथे घर बांधायचं, बाग करायची, म्हणून बाबांनी एक जुनी पिकअप घेतली होती. दर रविवारी तिच्यातून कधी खत, कधी रोपं, कधी फरश्या घेऊन आई आणि ते जायचे. डिसेंबरात मी सुट्टीवर आले तेव्हा पिकअप क्वार्टरसमोर धूळ खात उभी होती. डॉक्टरांनी गाडी चालवायला परवानगी देऊन महिना झाला होता. मी विचारलं तर बाबा म्हणाले, बॅटरी उतरलीय.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईला नर्सरीतून कुंड्या आणायच्या होत्या. मी किल्ली फिरवली आणि गाडी लगेच सुरू झाली. बॅटरीला काहीच झालं नव्हतं. मी पहिला गिअर टाकून गल्लीच्या टोकापर्यंत गेले आणि दुसरा टाकायला गेले तर तो पडेना. दांडा दगडात अडकल्यासारखा. जोर लावला तेव्हा करकर आवाज करत गेला. कशीबशी चक्कर मारून परत आले. बाबा फाटकात स्वेटर घालून उभे होते. मी सहज म्हणाले, "बाबा, हिचा दुसरा गिअर फारच घट्ट आहे हो. माझ्याच्यानेही पडत नाही."

ते फाटक सोडून गाडीजवळ आले. मग म्हणाले, "तुझ्यानेही नाही?"

त्यांनी मला पुन्हा चालवायला लावलं. स्वतः शेजारी बसले, डोळे मिटून आवाज ऐकत. परत आल्यावर पायरीवर बसून त्यांनी हळूहळू सांगितलं. परवानगी मिळाली त्याच सकाळी त्यांनी गाडी काढली होती. दुसरा गिअर पडला नाही. चार वेळा प्रयत्न केला आणि गाडी तशीच पहिल्यावर घरी आणून लावली. "मला वाटलं हातच गेला माझा," ते म्हणाले. गिअर डाव्या हाताने टाकायचा असतो. महिनाभर ते हे मनात घेऊन बसले होते. आईलासुद्धा बोलले नव्हते.

नंतर त्यांनी आईला सहज विचारल्यासारखं विचारलं की मध्यंतरी गाडीचं काही काम केलं होतं का. आई खुश होऊन सांगायला लागली. बाबा हॉस्पिटलात होते तेव्हा तिने हबीबगंजकडच्या एका गॅरेजवाल्याला बोलावून सर्व्हिसिंग करून घेतलं होतं. सगळी तेलं बदलून घेतली होती, म्हणजे ते घरी येतील तेव्हा गाडी तयार असेल. बाबा म्हणाले, बरं केलंस.

ती आत गेल्यावर ते मला हळूच म्हणाले, "त्याने मागच्या ॲक्सलचं जाड तेल गिअरबॉक्समध्येही भरलंय. थंडीत ते काकवीसारखं होतं. पण आईला सांगू नकोस."

दुपारी आम्ही तेल आणायला गेलो. गाडीच्या पुस्तकातलं पान बाबांनी मला मोठ्याने वाचायला लावलं होतं आणि तोच नंबर ते दुकानात सांगत होते. दुकानदाराने दुसराच डबा पुढे केला. "चार नंबर क्यों लेते हो साहब, पाँच ले जाओ, ऊपर का माल है." बाबांनी मान हलवली. बाहेर आल्यावर मला समजावलं की त्यात भारी-हलकं असं नसतं. या गिअरबॉक्सच्या आत पितळेच्या कड्या आहेत, गिअर बदलताना दोन चाकांचा वेग जुळवणाऱ्या. पाच नंबरचं तेल ॲक्सलला चांगलं, पण या पितळेला ते सोसत नाही. इतकं सलग ते आजारपणानंतर पहिल्यांदाच बोलत होते.

आधी मी गाडी दोन-चार किलोमीटर फिरवून आणली, तेल कोमट होऊन पातळ व्हावं म्हणून. मग सपाट जागी लावून चाकांना विटा लावल्या. जुना सलवार-कुर्ता घालून मी गाडीखाली शिरले आणि बाबा स्टुलावर बसून सांगत राहिले. मी खालचा बोल्ट सोडवायला पाना लावला तर त्यांनी थांबवलं.

"आधी वरचा. भरायचं भोक उघडतंय ते बघ. ते जाम असलं तर खालून रिकामी केलेली गाडी घेऊन बसशील."

वरचा उघडला. मग खालचा. तेल घमेल्यात पडलं, उग्र वासाचं, जाड. बोल्टच्या टोकाला चुंबक होतं, त्यावर करडा चिखल जमला होता. बाबांनी तेलात बोट बुडवून उजेडात धरलं. पितळेची बारीक चमक दिसत होती, पण थोडीच. वेळेत बदलतोय, ते म्हणाले.

चुंबक पुसून खालचा बोल्ट घट्ट बसवला. नवीन तेल भरायला नरसाळ्याला लांब नळी जोडली होती. नळीचं टोक मी खाली भोकात धरलं. वर नरसाळं कोणी धरायचं हा प्रश्न होता, कारण बाबांच्या उजव्या हातात डबा होता. त्यांनी ते डाव्या हातात घेतलं. मला खालून फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या. तेल सावकाश उतरत होतं. मधेच नळी थरथरायला लागली. मी विचारलं, थांबायचं का? ते म्हणाले, नको, चालू दे. भोकातून तेल बाहेर गळायला लागलं तेव्हा मी पुरे म्हणाले. बाहेर आले तर त्यांचा दंड कापत होता आणि कपाळावर घाम होता, डिसेंबरात.

रविवारी बाबांनी गाडी काढली. आई मधे बसली, गुडघे माझ्या बाजूला वळवून, म्हणजे दांड्याला जागा राहावी. पहिल्या वेळी दुसरा गिअर अर्धवट राहिला. त्यांनी दांडा बोटांत धरण्याऐवजी तळवा त्यावर टेकवला आणि रेटला. गिअर बसला. मिसरोदच्या रस्त्याला लागल्यावर आई म्हणाली, "किती छान चालतेय. त्या गॅरेजवाल्याने मनापासून काम केलं होतं हं."

"हो," बाबा म्हणाले. "तू करून घेतलंस ना."

त्यांची बोटं पूर्ण सुधारली नाहीत. शर्टाची बटणं शेवटपर्यंत आईच लावून द्यायची. पण मिसरोदचं घर झालं, आणि त्याच्या बऱ्याचशा फरश्या बाबांनी पिकअपमधून स्वतः आणल्या. पुढे सहा वर्षांनी डोळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी गाडी चालवणं आपणहून सोडलं. फोनवर मला ते अगदी साधेपणाने सांगितलं आणि मग बराच वेळ पेरूच्या झाडाबद्दल बोलत राहिले, त्या वर्षी पहिल्यांदाच फळ धरलं होतं.