पहारा देणारी सासू

माझ्या बंदिशी आता पुण्या-मुंबईची मुलं मोबाईलवर ऐकून बसवतात. बसवू देत. माझी तक्रार एकच आहे, बागेश्रीतली माझी जुनी बंदिश ती हसत हसत गातात. 'कैसे भरूँ मैं गगरिया, सास मोरी पहरा देत.' त्यांना ती गंमत वाटते. त्या एका ओळीनं माझ्या घरची चूल थंड पडली होती, हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

भोरला बाजारपेठेमागच्या गल्लीत आम्ही राहायचो. मी शाळेत गाणं शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी पहिल्या एसटीनं पुण्याला गुरुजींकडे जायचे. मुखडा तोंडात घोळवत निघायचं, वाटेतल्या शिवऱ्यापर्यंत तो समेवर नीट आला की पुढे खुशाल डुलकी काढायची. घरी मात्र पहाटेचा वेळ माझा होता आणि तो मला सासूबाईंनी दिला होता. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. वेल्ह्याच्या डोंगरातल्या, सारं तारुण्य भातखाचरात गेलेलं. पहाटे त्या चूल पेटवायच्या, पाणी भरायच्या, भाकरी थापायच्या आणि मी आतल्या खोलीत तंबोरा घेऊन बसायचे. भाकरी थापल्याचा आवाज माझ्या तालात कधी बसायचा नाही. आज तो आवाज ऐकायला मी काय वाटेल ते देईन.

ती बंदिश रेडिओवर लागायची होती, म्हणून गल्लीतल्या बायका आमच्याकडे जमल्या. ब्रज भाषा त्यांना कळत नव्हती, पण 'सास' कळायला कसली भाषा लागते? शेजारीण पदर तोंडाला लावून म्हणाली, "काय वो, सुनंवर पहारा देता व्हय?" सगळ्या खिदळल्या. आत्याबाई उठून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी चूल पेटली नाही.

"आगं, म्या तुला कवा आडिवलं?" त्या म्हणाल्या. "पाटंचं उठून पानी म्या भरते, भाकरी म्या थापते, आन् तू साऱ्या मुलखाला सांगती सासू पहारा देती म्हनून?"

मी समजावलं, की आमच्या गाण्यातली सासू अशीच असते, शेकडो वर्षांची, ती कुणाचीच सासू नसते. तिला आणि नणंदेला काढलं तर निम्मं गाणं मुकं होईल.

"कुनाचीच न्हाई, तर मग काढून टाक की तिला."

माझा पारा चढला. मी म्हटलं, "तुम्हाला त्यातलं काय कळतंय?" मग अबोला. नवऱ्यानं मध्ये न पडण्याचा शहाणपणा दाखवला. पहाटे आता मीच चुलीपुढे धूर खात बसायचे. तंबोऱ्यावर धूळ चढली, एकही चाल सुचेना. खरं सांगायचं तर चालीपेक्षा त्यांच्या 'उटलीस का' या हाकेवाचून मला करमेना.

शेवटी एसटीतच सुचलं. एवीतेवी सासू गाण्यात हवीच, तर ती माझी का नको? देस रागात मुखडा बांधला, 'सास कहे, तू गा री बहुरिया, चूल्हा मैं सँभालूँ.' गुरुजी ऐकून म्हणाले, "अशी सासू बंदिशीत कधी पाहिली नाही." मी म्हटलं, "आमच्याकडे या, दाखवते."

घरी आले तेव्हा आत्याबाई उंबऱ्याशी सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसून गायले आणि अर्थ सांगितला, सासू म्हणते, सूनबाई, तू गा, चूल मी बघते. सुपातला एक खडा त्यांनी काढला, बराच वेळ चिमटीत धरून ठेवला.

"ब्येस हाय," त्या म्हणाल्या. मला रडूच आलं. जिंकल्यासारखं वाटलं, म्हणून मी लगेच कबूल करून टाकलं, "आत्याबाई, ती जुनी आता मी गाणार नाही."

"का? गा की." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "भाताच्या लावनीला बाया खाचरात गायच्या. माजा गळा लई गोड व्हता, समद्या मलाच म्होरं करायच्या. सासू बांदावर हुबी ऱ्हायची. माजं त्वांड उगाडलं की ढेकूळ मारायची. मग म्या गायचंच सोडलं."

मला इतक्या वर्षांत हे माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

"ती म्हन," त्या म्हणाल्या. "पहाऱ्याची."

मी बागेश्री लावला. 'सास मोरी पहरा देत' ही ओळ दुसऱ्यांदा आली, तेव्हा समोरून एक चिरका, कापरा सूर माझ्या सुरात मिसळला. मी गप्प झाले आणि आत्याबाईंना एकटीला गाऊ दिलं.