लडकू फिटर घाट चढला

लडकू फिटर वाफेला भ्यायचा. कर्जतच्या इंजीनशेडात काम करणाऱ्या माणसाने वाफेला भ्यावं, याची शेडातल्या लोकांना मोठी गंमत वाटे. "लडकू, चहाची किटली उकळतेय रं, लांब ऱ्हा!" असं कोणी ना कोणी म्हणायचंच. लडकूही हसायचा, पण हसत हसत किटलीपासून खरोखर लांब सरायचा.

शेडात हाताखाली काम करणारा कमळ्या खलाशी त्याच्या डोळ्यांसमोर भाजला होता. घाटात गाडी ढकलून परतलेल्या इंजिनाची नळी फुटली आणि कमळ्या त्या पांढऱ्या ढगात दिसेनासा झाला. तो जगला, पण त्याची स्वतःची पोर त्याच्या जवळ यायला घाबरू लागली. त्या दिवसापासून लडकू कुठल्याही तापलेल्या लोखंडाकडे आधी हाताची पाठ न्यायचा. ऊब जाणवली की थांबायचा. काम मात्र त्याने सोडलं नाही. उलट गिरण्यांची तेलाची इंजिनं दुरुस्त करता करता तो मोटारीही शिकला.

त्याची धाकटी बहीण सुंदरा खोपोलीला दिली होती. तिचा नवरा नामा तिथल्या भातगिरणीच्या शेठची मोटार चालवायचा. मुंबईच्या हौशी लोकांनी त्या हिवाळ्यात खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत घाट चढण्याची शर्यत ठेवली, आणि शेठने आपली मोटार तीत घातली. वजन कमी व्हावं म्हणून टप काढला, मागची गादी काढली. "शेठ बसले असते तर मोटार खालीच ऱ्हाईली असती," असं नामा सगळ्यांना सांगत सुटला. चालवणार होता तोच.

शर्यत तोंडावर आली असताना सुंदरा सकाळीच कर्जतलगतच्या दहिवलीला भावाच्या दारात उभी राहिली. तिला दिवस गेले होते. ती आत न येताच बोलू लागली.

"दादा, काल सरावाला गेले तर मोटार घाटात उकळली. वळणावर बंद पडली आन् मागं घसरली. कठड्याला थटली म्हणून ऱ्हाईली. मला शेजारच्या धोंडूबाईनं सांगितलं. हे तर हसतात नुसते."

इंजीन फार तापलं तर आतले वर-खाली होणारे दट्टे फुगून अडकतात आणि मागची चाकं जागच्या जागी आवळली जातात, हे लडकूला ठाऊक होतं. सपाटीवर तसं झालं तर मोटार थांबते. घाटाच्या वळणावर काय होईल, ते त्याने मनातल्या मनात पाहिलं आणि हत्यारांची पिशवी उचलली.

खोपोलीत गिरणीच्या अंगणात मोटार उभी होती. नळकांडी, पत्रा, सगळं उघडं, कातडी सोललेल्या जनावरासारखं.

"या मेवणं," नामा म्हणाला. "बहिणीनं वर्दी दिली वाटतं. कायबी झालं नाय. जरा ताप आलाय मोटारीला."

"दाजी, तुमी चालू करा. मी सांगंन तवा बंद करा."

लडकूने पंख्याचा पट्टा दाबून पाहिला. घट्ट होता. तेल बरोबर होतं. ठिणगी उशिरा पडली तरी इंजीन तापतं, म्हणून तीही तपासली. त्यात दोष नव्हता. मग उरली ती समोरची पाण्याची जाळी. इंजिनातलं गरम पाणी तिच्या बारीक नळ्यांतून उतरतं आणि निवून परत जातं. आता तिला हात लावणं भाग होतं. इंजीन गुरगुरत होतं, झाकणाशी वाफेचा बारीक फुसकारा येत होता. लडकूने हात पुढे केला, मागे घेतला. नामा हसला. लडकूने पुन्हा केला.

वरचा भाग सोसवेना. कडा गरम होत्या. पण मधोमध, खालच्या बाजूला, जाळी गार होती. त्याने दोनदा फिरवून पाहिला हात. गारच.

"हितं पाणी उतरतच नाय. बंद करा!"

इंजीन निवल्यावर त्याने खालची तोटी उघडली. पाणी यावं तसं आलं नाही; पांढुरकं, चिकट काहीतरी लोंबत खाली आलं. करपलेल्या भाताचा वास सुटला.

"दाजी, यात काय घातलंत?"

नामाचं हसू उतरलं. "पेज. तळाला गळत व्हती जराशी. नवं मडकं पाझरलं तर आपण पेज घालून मुरवतो का नाय? गळती थांबली, देवाशपथ."

"मडकं कुठं घाट चढतं?" लडकू ओरडला. पेज शिजून, वाळून नळ्यांत बसली होती. सुंदरा ओसरीवर मटकन खाली बसली. पेज रोज तिनेच गाळून दिली होती.

लडकूने जाळी उतरवली. धुण्याच्या सोड्याच्या कढत पाण्यात ती भिजवली आणि खालून वर पाणी दाबून दाबून खपल्या काढल्या. कथील वितळवून गळती बुजवली. संध्याकाळपर्यंत पाणी स्वच्छ येऊ लागलं. पण सगळ्या नळ्या मोकळ्या झाल्या का, ते बाहेरून दिसत नव्हतं.

"आता जाऊ देऊ का यांना?" सुंदराने विचारलं.

हो म्हणावं तर लडकूची खात्री नव्हती. नाही म्हटलं असतं तर नामाने ऐकलं नसतं.

"मी शेजारी बसतो," तो म्हणाला. "दाजी, मी खांद्यावर हात मारला की तिथंच थांबायचं. शेठ काय म्हणतील ते म्हणू द्या."

"तुमी? किटलीला भिणारे?" नामा म्हणाला, पण बायकोच्या तोंडाकडे पाहून त्याने मान डोलावली.

शर्यतीच्या सकाळी मोटार सुटली. जाळीच्या झाकणावर काचेची नळी होती, तिच्यात ताप दाखवणारी लाल रेघ. लडकूने दरी पाहिली नाही, रस्ता पाहिला नाही. चढ सुरू झाला तशी रेघ सरकू लागली. खड्या चढावर ती इतकी वर गेली की त्याने हात उगारला. समोरच्या झाकणाखाली कमळ्याची वाफ कोंडलेली आहे, असं त्याला वाटत होतं. मारावा? रेघ थरथरली, जागीच राहिली. मारावा? वळण गेलं. दुसरं आलं. हात तसाच वर. नामा दात आवळून चालवत होता आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्या हाताकडे पाहत होता.

रेघ आणखी वर गेली नाही.

वर खंडाळ्याला जमलेल्या लोकांना वाटलं, हा फिटर आनंदाने हात हलवतोय. त्यांनीही हात हलवले. पुढे दोन मोटारी आधीच येऊन उभ्या होत्या. नामाला त्याचं काही वाटलं नाही. तो उतरून जाळीपाशी गेला आणि तिच्यावर हात ठेवून उभा राहिला.

लडकू उतरला तो रस्त्याच्या कडेला बसलाच. "दाजी, पाय हायत का बगा माझे. मी खाली चालतच जातो."

"चालत?" नामा म्हणाला. "तुमी पोचेपर्यंत तुमच्या बहिणीचा जीव थाऱ्यावर ऱ्हायचा नाय तिथं. सकाळपासून काय खाल्लं नसंल तिनं."

लडकूने घाटाकडे पाहिलं. खाली खोपोलीची कौलं धुरकट दिसत होती. त्याने डोळे मिटले, पुन्हा उघडले, आणि मोटारीत जाऊन बसला.

"सावकाश घ्या," तो म्हणाला.