वच्छलाचा डावा हात

भडगावच्या अमीन सरांच्या टायपिंग क्लासमध्ये वच्छलाचा वेग चांगला होता. सकाळी सातच्या बॅचला ती यायची, पदर खांद्यावर घ्यायची, मशीनवर कागद चढवायची, मनात कानबाई देवीचं नाव घ्यायची आणि सुरू व्हायची. मिनिटाला तीस शब्द, कधी त्याहून दोन-तीन जास्तच. अमीन सर तिच्याच वयाचे, तिला ताई म्हणायचे. "ताई, तुमची काळजी नाही," असं त्यांनी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा ती जळगावला जाऊन नापास होऊन आली. पहिल्यांदा एकतीस गुण पडले, दुसऱ्यांदा अडतीस. पास व्हायला पन्नास लागत.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालची. नवरा धनसिंग पंचायत समितीत कारकून होता. काविळीनं गेला. त्याच्या जागेवर वच्छलाला घेतलं, पण दोन वर्षांत मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा पास झाली पाहिजे, या अटीवर. मुदतीत आता एकच परीक्षा उरली होती. ती हुकली की टेबल सोडायचं. मागे पोटची लहान मुलगी, सासू तानुबाई आणि सासरे उखर्डू नाना.

नाना बोलायला मऊ, पण सुनेशी कधी सरळ बोलले नव्हते. रीतच तशी. काही सांगायचं तर तानुबाईकडे बघून सांगत. "तिले सांग, मोटर उनी," एसटी आली की म्हणत. मोटारीत ते पुढच्या बाकावर, ही मागे. भडगावला उतरलं की ते भाजीची पाटी घेऊन बाजारात आणि ही क्लासला, मग कचेरीत.

त्या दिवशी मेथी लवकर खपली. नाना क्लासवर आले आणि पांढरी टोपी सारखी करत दाराजवळच्या बाकावर बसले. वच्छलानं बघितलं आणि पदर डोक्यावर घेतला. सरांनी घड्याळ लावलं. उतारा संपायच्या आत वेळ संपली. तीसची ताई एकवीसवर आली होती.

"परत घ्या," सर म्हणाले आणि या वेळी बाजूला उभे राहिले. तेव्हा त्यांना दिसलं. ओळ संपली की घंटी वाजायची, डाव्या हातानं दांडी सरकवायची आणि हात परत अक्षरांवर आणायचा. वच्छलाचा हात अक्षरांवर येत नव्हता. आधी डोक्यावर जात होता, घसरलेला पदर सारखा करत होता, मग खाली येत होता. दर ओळीला.

"ताई, जळगावला पर्यवेक्षक कोण असतात?"

"म्हातारे आहेत. पांढरी टोपी घालतात," वच्छला म्हणाली आणि तिचं तिलाच कळलं.

सर अवघडले. "नाना, जरा बाहेर चहा घेऊन येता?"

"काब्र? मी काय करं?"

मग सरांना सांगावंच लागलं. नाना ऐकत राहिले. संध्याकाळी परतीच्या मोटारीत सबंध वाट खिडकीबाहेर बघत राहिले. वच्छलाला वाटलं, राग आला. नोकरी गेली तरी चालेल, पण या माणसाचा मान जायला नको, असंच तिच्या मनात येत राहिलं.

घरी आल्यावर नानांनी पाणी मागितलं. ती तांब्या ठेवून वळली.

"पोरी," नाना म्हणाले. लग्नाला सहा वर्षं झाली होती, असं तिला त्यांनी कधी हाकारलं नव्हतं. "माहेरले तू कशी बठस? डोकं मोकळंच ना? तठे बी तशीच बठ."

तानुबाई चुलीपासून उठल्या. "आनि लोके काय म्हनतीन?"

"लोके तिनाकरता टायपिंग करतीन का?"

तानुबाईंना तव्यावरची भाकरी आठवली. त्या भाकरी उलटायला गेल्या, पण तोवर ती एका बाजूनं करपली होती.

सांगून सवय थोडीच जाते? दुसऱ्या दिवशी बोटं चालेनात. मग नानांनीच तोड काढली. रोज पाटी शेजारच्या भाजीवालीच्या हवाली करून ते क्लासवर येत आणि बरोबर तिच्या मशीनसमोर स्टूल टाकून बसत. भुईमुगाच्या शेंगा फोडत. टोपी डोक्यावर, मिशा पांढऱ्या, जळगावच्या साहेबांसारखेच. तिचा हात वर गेला की जिभेनं 'च्च' करत. क्लासमधल्या पोरी हसत. पहिल्या आठवड्यात नानांचं तोंड नुसतं च्च च्च करत होतं. पुढे पुढे शेंगा लवकर संपू लागल्या, कारण तोंडाला दुसरं काम उरलं नाही.

परीक्षेच्या दिवशी जळगावला तेच टोपीवाले साहेब होते. तिच्या रांगेशी येऊन थांबले. वच्छलानं खाली बघितलं, कागदावर.

निकाल महिन्यानं लागला. अमीन सर स्वतः पंचायत समितीत सांगायला आले. संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा नाना दारातच होते.

"कितला?"

"चोपन्न, नाना."

नानांनी मान हलवली. मग विचारलं, "आनि हात?"

"एकच डाव गया."

"तो कानबाईले नमस्कार कराले गया व्हई," नाना म्हणाले आणि आत जाऊन तानुबाईंना सांगितलं, "आज काही गोड कर. तिले विचार, तिले काय आवडस." मग आपलं आपल्यालाच हसू येऊन मागे वळले. "नही, मीच विचारस. काय करवानं, पोरी?"