चार टेप ड्राइव्ह आणि पद्मावतीताय

पद्मावतीताय आमच्या खोलीत बारा महिने स्वेटर घालते. बाहेर डिचोलीचं ऊन डोकं फोडत असलं तरी आत एकोणीस अंश. आमच्या कंपनीचा मेनफ्रेम, म्हणजे कपाटाएवढा जुना कॉम्प्युटर, या गारव्यात बसलेला असतो. मुरगाव बंदरात जहाजांवर काय चढलं, काय उतरलं, त्याच्या पस्तीस वर्षांच्या नोंदी त्याच्या पोटात आहेत. रोज रात्री त्या नोंदींची प्रत टेपवर उतरते. त्यासाठी भिंतीलगत चार टेप ड्राइव्ह आहेत. त्यांची तब्येत पाहणं हे आम्हा ऑपरेटरांचं रोज सकाळचं पहिलं काम.

मी गुरुदास, हळर्णचा. या खोलीत मला एकोणीस वर्षं झाली आणि पद्मावतीतायला अठ्ठावीस. त्यामुळे मी अजून नवा आहे, असं ती मानते.

तब्येत पाहायची म्हणजे काय, तर पडद्यावर एक छोटी आज्ञा टाइप करायची. लगेच यादी येते: कोणता ड्राइव्ह ऑनलाइन, कोणता कामात गुंतलेला, कोणता बंद. दहा सेकंदांचं काम. बसल्या जागी होतं, म्हणून मला ते फार आवडतं. पद्मावतीतायचं मात्र तिथून पुढे सुरू होतं. ती यादी वाचते, चष्मा कपाळावर सरकवते आणि उठून प्रत्येक ड्राइव्हसमोर जाऊन उभी राहते. दार उघडून आत बॅटरी मारते, पाठीवर हात ठेवते, टेप चालू असली तर मान वाकडी करून ऐकते. मग नोंदवहीत चार ओळी लिहून समोर ‘पाहिले’ असं लिहिते आणि सही करते.

"कदेल सोड रे जरा," ती मला खुर्चीवरून उठवायला बघायची. "पडदो सांगता तां खरां, पण अर्धांच. मशीन उलयता, तां कोण आयकतलो?"

मी हसायचो. मशीन बोलतं आणि ते ऐकायला माणूस लागतो, हे बोलायला ठीक आहे. माझ्या पाळीत मी बसल्या जागी यादी वाचून ‘पाहिले’ लिहीत असे. यादी पाहिलीच होती ना. खोटं कुठं होतं, असं मी स्वतःला सांगत असे, आणि माझा स्वतःवर लगेच विश्वास बसत असे.

तायची शेती आमोण्याला, मांडवीच्या काठाला. घरी नवरा जयवंत आणि कमी-जास्त पाच गुंठ्यांची तीन खाचरं. सकाळी साडेसहाला स्कूटरवरून निघते, वाटेत पोदेराकडून, म्हणजे पाववाल्याकडून, उंडे घेते, त्यातले दोन माझे. निवृत्तीला चार वर्षं उरलेली. ती चार वर्षं याच खोलीत काढायची आणि मग खाचरात उतरायचं, एवढाच तिचा बेत. त्याहून मोठा बेत केलेला मी तिला पाहिला नाही आणि त्याहून सुखी माणूसही फारसा पाहिला नाही.

आमच्या खोलीत एक रीत आहे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा, आणि पूजा झालेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. सुतार करवत ठेवतो, ड्रायव्हर गाडीला रोजांची, म्हणजे झेंडूची, माळ घालतो. आम्ही काय करणार? मेनफ्रेम बंद ठेवला तर बंदरातले लोक आमचीच पूजा बांधतील. म्हणून तायनं कधीकाळी तोडगा काढला. दरवर्षी चारांतला एक ड्राइव्ह पाळीनं ऑफलाइन करायचा, त्याच्यासमोर नारळ ठेवायचा, माथ्यावर कुंकवाचं बोट लावायचं आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला परत कामाला जुंपायचं. बाकी तिघे तेवढा दिवस ओढून नेतात.

यंदा पाळी तीन नंबरची. सकाळी तिनं तो ऑफलाइन केला आणि दोन मिनिटांत पुण्याहून फोन. वर्षभरापूर्वी कंपनीनं पुण्यात एक नवं केंद्र उघडलं आहे. तिथं आठ जण मोठ्या पडद्यावर आमच्या यंत्रांची स्थिती बघत बसतात. त्यांच्या पडद्यावर तीन नंबर लाल झाला होता.

"बिघडला काय मॅडम?"

"ना रे बाबा. आज ताका सुटी."

मी तोंडावर हात ठेवून हसत होतो.

त्या पुण्यावरूनच तर सगळं घोडं अडलं होतं. आमचे साहेब सुधीर, मूळचे कोल्हापूरकडचे, आता पुण्यात बसतात. दसऱ्यानंतरच्या गुरुवारी ते येणार होते आणि डिचोलीचं हे टेबल ठेवायचं की बंद करायचं ते ठरवून जाणार होते. यंत्रं इथंच राहणार, टेप बदलायला एखादा कंत्राटी माणूस राहणार, पण तपासणी पुण्याहून होणार. ड्राइव्हची स्थिती पडद्यावर तिथूनही दिसते, मग दोन ऑपरेटर इथं कशाला? आम्हाला त्यांनी आधीच विचारून ठेवलं होतं: पुण्याला येता की राजीनामा देता? माझी बायको पेडण्याच्या शाळेत शिक्षिका. ताय तर आमोणे सोडून म्हापशाला राहायला जाणार नाही, पुणे लांबच. म्हणजे टेबल गेलं की आम्ही दोघेही गेलो, हे आम्हाला ठाऊक होतं. त्यावर आम्ही फार बोललो नाही, फक्त उंडे जरा हळू खाऊ लागलो.

दसऱ्याला तायनं तीन नंबर ऑनलाइन केला, मला आपट्याचं पान दिलं आणि तीन दिवसांची रजा टाकून भात कापायला गेली. ते तीन दिवस सकाळची तपासणी माझी. यादीत चारही ड्राइव्ह ऑनलाइन. मी तीनही दिवस कदेलीत बसून ‘पाहिले’ लिहिलं आणि सही ठोकली.

चौथ्या दिवशी, मंगळवारी, ताय परत आली. हातांवर भाताच्या पात्यांचे ओरखडे, चेहरा उन्हानं रापलेला, आणि स्वारी एकदम खुशीत. पीक बरं आलं होतं. तिनं यादी मागवली. चारही ऑनलाइन. चष्मा वर सरकवून ती उठली. तीन नंबरवर तेव्हा एक टेप चालू होती. ताय तिथं उभी राहिली ती हलेचना.

"गुरुदास, हांगा ये."

मी गेलो. टेप सरळ पुढे जात नव्हती. थोडी पुढे, मग मागे, परत पुढे. लिहिलेलं नीट उमटलं नाही की ड्राइव्ह मागे येऊन पुन्हा लिहितो, त्याचा तो आवाज. तेवढा आवाज माझ्यासारख्या बहिऱ्यालाही कळला. पडदा मात्र शांतपणे ऑनलाइन म्हणत होता, कारण ड्राइव्ह ऑनलाइनच होता. बिचारा धडपडत का होईना, काम करत होता.

तायनं टेप थांबवून काढली आणि दार उघडून आत बॅटरी मारली. टेप आत जाते त्या फटीच्या कडेला लाल भुकटी दिसत होती. दरवर्षी ती कुंकू वरच्या सपाट माथ्यावर लावायची. यंदा पुणेकरांनी तिथं मोजदादीसाठी चकचकीत लेबल चिकटवलं होतं. त्यावर कुंकू कसं लावणार, म्हणून तिचं बोट दोन इंच खाली, फटीवर टेकलं होतं. दसऱ्यापासून आत गेलेल्या प्रत्येक टेपबरोबर थोडं थोडं कुंकू आत ओढलं गेलं होतं.

ती खाली बसली.

मग मात्र तिनं वेळ घालवला नाही. तीन नंबर ऑफलाइन केला, बाहेरची भुकटी ओल्या फडक्यानं टिपली, सफाईची टेप दोनदा फिरवली, कोरी टेप घालून लिहून-वाचून पाहिली. आवाज सरळ झाला. मग दसऱ्यापासून तीन नंबरवर लिहिलेल्या तीनही टेपा आम्ही एकेक वाचून बघितल्या. दोन चांगल्या निघाल्या. तिसरी अर्ध्यात अडकली. मूळ नोंदी मेनफ्रेममध्ये शाबूत होत्या, त्यामुळे तिची प्रत आम्ही दुपारी दुसऱ्या टेपवर घेतली. चार वाजता सगळं जिथल्या तिथं होतं. कुणाचं काही बिघडलं नाही, कुणाला काही कळलं नाही.

मी हुश्श करून चहा मागवला. ताय नोंदवही पुढे ओढत होती.

"काय करतेस?" मी विचारलं.

"लिवतां. कुंकू माज्या हातान लागलां तां."

"ताय, गुरुवारी साहेब येणार. पुण्याच्या पडद्यावर तीन दिवस सगळं हिरवं आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. तू आपण होऊन पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस?" माझा आवाज चढला होता. "आणि तुझ्या एकटीच्या पायावर पडला तर ठीक. माझा पायपण तिथंच आहे."

"कोणाक कळपाचां ना, तां खरां," ती म्हणाली. "म्हणानच लिवपाचां. कळलां आसतां तर दुसऱ्यान लिवलां आसतां."

तिनं सावकाश, गोल अक्षरात सगळं लिहिलं. तारीख, कुंकू, फट, कोणती टेप वाचली गेली नाही, नवी कोणती घेतली. खाली सही. त्याच पानावर, वर, माझ्या तीन सह्या होत्या. त्यांच्याकडे तिनं पाहिलंही नाही. त्यांच्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. मी चहा अर्धा टाकून घरी गेलो. त्या रात्री जेवताना बायकोला म्हटलं, ही बाई आम्हा दोघांना बुडवणार. रागावलो होतो, पण खरं सांगायचं तर चोराच्या मनात चांदणं.

गुरुवारी सुधीरसाहेब आले. त्यांनी खोली पाहिली, स्वेटर मागून घेतला आणि नोंदवही उघडली. तायनं लिहिलेलं पान त्यांनी दोनदा वाचलं.

"कुंकू?" त्यांनी विचारलं.

"हय. चूक माजी."

"साफ केलंत, नवी टेप घेतलीत. मग हे लिहिलंत कशाला? मी आज काय ठरवायला आलोय ते माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आसा," ताय म्हणाली. "फुडल्या वर्सा हांव नसलें, तर येतल्या माणसाक कळूंक जाय, त्या फटीक हात लावप ना."

साहेबांचं बोट वर सरकलं. "या तीन दिवसांची तपासणी कुणी केली? इथं ‘पाहिले’ लिहिलंय."

तायनं सांगितलं असतं तर मी तिला दोष दिला नसता. ती खिडकीकडे पाहत उभी राहिली. साहेब वाट बघत होते. ड्राइव्ह वरून छानच दिसत होता, असं मी म्हणू शकलो असतो. वाक्य तोंडात तयारही होतं.

"मी," म्हणालो. "आणि पाहिलं नाही. यादी वाचली, खुर्चीतून उठलो नाही. तीनही दिवस. त्याच्या आधीही बहुतेक दिवस."

बोलताना कान तापले होते. बोलून झाल्यावर वाटलं, चला, पुण्याला घर बघायला लागूया.

सुधीरसाहेबांनी वही मिटली. मग आपल्या लॅपटॉपवर काहीतरी उघडून आमच्याकडे वळवलं. पुण्याच्या केंद्राचा त्याच तीन दिवसांचा अहवाल. चारही ड्राइव्ह, तीनही दिवस, हिरवे.

"आठ माणसं आहेत माझी तिथं," ते म्हणाले. "त्यांनाही हे कळलं नाही, कळणारही नव्हतं. त्यांचा दोष नाही, त्यांना ऐकू कसं येणार? पण हे टेबल बंद करून गेलो असतो, तर ती तिसरी टेप मला हवी त्या दिवशी अर्ध्यात अडकली असती." त्यांनी लॅपटॉप मिटला. "टेबल इथंच राहू दे. मी वर तसं कळवतो. फक्त ते कुंकू आवरा, मॅडम."

"आणि सुटी? ड्राइव्हाची?"

"सुटी द्या. त्या दिवशी सकाळीच पुण्याला कळवत जा, म्हणजे पोरं घाबरायची नाहीत."

ते जेवायला गेल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी उगाच चारही ड्राइव्हना एक फेरी मारून आलो. ताय डबा उघडत होती. नव्या तांदळाचा भात होता, त्यातला अर्धा तिनं झाकणात माझ्यासाठी काढला.

"ताय," मी विचारलं, "मी उठत नाही हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"पयल्या वर्सापासून. तुजी कदेल सकाळी गरम आसता."

"मग परवा तू लिहिताना ते का नाही लिहिलंस? सगळा दोष एकटीवर घेतलास."

"घेतलो खंय? माजां तेवढांच घेतलां." तिनं भातावर आमटी ओतली. "माजां मी लिवलां. तुजां तू लिव."

मी घास खाली ठेवला. मग हात धुऊन आलो, वही उघडली आणि माझ्या तीन सह्यांच्या खाली खरं काय ते लिहिलं. चार ओळी झाल्या. मी परत येईपर्यंत ताय माझ्यासाठी जेवायची थांबली होती.